बोटभर जागा

टक्!

माझ्या टोकाला पितळेची टोपी दाबून बसवली, तेव्हाचा हा आवाज. त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही. त्या एका आवाजासरशी मी साठ इंचांचा टेप झालो. शिंपीमास्तरांच्या गळ्यातला टेप बोलतोय मी. शिक्षण म्हणाल तर एक ते साठ. त्यापुढचं मला येत नाही.

मास्तरांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दाराशी शिलाई मशीन, मागे कापायचं टेबल, खिडकीपाशी त्यांच्या बायकोचं स्टूल. काज-बटण तिच्याकडे. मास्तर फार कमी बोलायचे, ती दोघांचं मिळून बोलायची. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की म्हणायची, "सोडा श्वास, सोडा! घरी जाऊन सोडाल आणि बटण आमच्या नावाने तुटेल."

माणसं माझ्यापुढे थोडं खोटं बोलतातच. कुणी छाती फुगवतं, कुणी कंबर आवळतं. म्हणून मास्तर माझ्या आत एक बोट ठेवायचे आणि मगच आकडा वाचायचे. "अंगाला बोटभर जागा हवी," म्हणायचे. "माणूस जेवतो, हसतो, हुंदका देतो. कपड्यात सगळं मावायला पाहिजे."

एका दुपारी दाताने धागा तोडता तोडता तिचा हात छातीपाशी थांबला. तिथे काहीतरी कडक लागत होतं.

हॉस्पिटलात जायच्या घाईत मास्तर मला गळ्यातून काढायला विसरले, म्हणून डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी ऐकलं. "गाठ कॅन्सरची आहे. पण लवकर सापडलीय, पसरलेली नाही. ऑपरेशन करू, मग औषधं. बऱ्याच जणी यातून बऱ्या होतात. फक्त थांबू नका."

घरी आल्यावर मास्तर कितीतरी वेळ कात्रीकडे बघत बसले.

"कापायचं म्हणतात," ते म्हणाले.

"बाबा, कापून आई वाचणार असेल तर कापू दे ना!" लेक म्हणाली.

"एकदा कात्री लागली की कापड पुन्हा अखंड होत नाही, पोरी. चाळीस वर्षं तेच करतोय मी."

"आई काय कापड आहे?"

आईने मध्येच हसून घेतलं. "आणि त्या औषधांनी केस जातात म्हणे. टक्कल घेऊन बसले तर गिऱ्हाइकं मलाच मास्तर म्हणतील." पण हसताना तिच्या सुईत दोरा जात नव्हता.

बाटलीतून झाडपाल्याचा अर्क विकणारा अर्कवाला भेटला तो याच दिवसांत. गोड बोलायचा. "कापायचं नाही, जाळायचं नाही. गाठीची उपासमार करायची. दूध बंद, साखर बंद, सकाळ-संध्याकाळ हा अर्क. आणि दर रविवारी गाठ मोजा. आकडा खाली आला की समजा, औषध लागू पडलं." घाबरलेल्या माणसाला जो 'घाबरू नका' म्हणतो, तोच मोठा वैद्य वाटतो. मास्तरांना मोजणं सांगितलं होतं, आणि मोजणं तर त्यांना येत होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी मला अलगद ठेवलं, तिला दुखू नये म्हणून सवयीप्रमाणे आत बोट घालून. दीड इंचावर दोन रेघा. दुसऱ्या रविवारी बोट नव्हतं. दीड. तिसऱ्या रविवारी अंगठ्याने मला जरा दाबून धरलं. दाबलं की मऊ मांस आत जातं, मी काय करणार? सव्वा.

"कमी झाली!" मास्तर ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ती म्हणाली, "बघा हं मास्तर, नंतर घट्ट झालं म्हणून परत आणायची नाही मी." दोघं हसली, मग रडली. दुसऱ्या दिवसापासून ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "पाव इंच उतरली माझी गाठ. अर्काने."

मास्तर फसवत नव्हते. त्यांच्या हाताला आशा लागली होती, एवढंच. पण आकडा माझ्या अंगावरचा होता. तो खोटा होता आणि मला तोंड नव्हतं.

माझ्याकडे खरा आकडाही होता. कंबरेचा. तिचे कपडे आत घेण्यासाठी मास्तर मला तिच्या कंबरेभोवती धरायचे. चौतीस. एकतीस. अठ्ठावीस. अर्कवाला म्हणाला, "विष बाहेर पडतंय." पाठ दुखू लागली, तेव्हा म्हणाला, "औषध झुंजतंय." त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक गोड वाक्य होतं. लेक दर आठवड्याला हॉस्पिटलचं नाव काढायची आणि मास्तर मशीन जोरात चालवायचे.

अर्काच्या आठव्या महिन्यातल्या एका रविवारी मास्तर मला घेऊन तिच्या खाटेपाशी बसले. तिने त्यांचा हात धरला.

"अहो, आज गिऱ्हाइकासारखं घ्या ना माप."

"म्हणजे?"

"आत बोट ठेवून."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते तिने सांगितलं नाही. मास्तरांनी बोट ठेवलं. मग आकडा वाचला. पावणेचार.

लेक रिक्षा आणायला धावली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हाडांत गेलंय. आता दुखणं कमी ठेवू आपण. ते नक्की करू." मास्तरांनी विचारलं, "आठ महिन्यांपूर्वी...?" बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यावरच पडला तो.

ती गेली. तिचा शेवटचा पोशाख मास्तरांनीच शिवला. मला हात लावला नाही. तिचं माप पाठ आहे म्हणाले. पण पाठ होतं ते आधीचं माप. तो पोशाख तिच्या अंगावर इतका सैल झाला की लेकीने दोन्ही बाजूंनी मुडपून टाचण्या लावल्या.

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. गळ्यात नवा टेप आलाय. माझी टोपी काळी पडली, पहिले आकडे पुसट झाले. मला एकच सांगायचंय. जिवाच्या माणसाचं दुखणं आपल्या मायेच्या हाताने मोजू नका. माया टेप ओढते. ज्यांना त्या दुखण्याचं माप कळतं, त्यांच्याकडे वेळेत जा.

काल शेजारच्या बेकरीवाल्याची बायको आली. तिने टेबलावर एक बाटली ठेवली. ती बाटली मी लांबूनही ओळखतो.

"मास्तर, ह्यांच्या मानेला गाठ आलीय. हॉस्पिटलने बुधवारी बोलावलंय. पण हे म्हणतात, आधी दोन महिने हे घेऊन बघू. काकूंना सुरुवातीला फरक पडला होता ना? त्याच सांगायच्या."

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा हात लागला.

"हात दे, पोरी."

आत बोट ठेवून त्यांनी मला तिच्या मनगटाभोवती धरलं. "वाच."

"साडेसहा."

मग बोट काढलं आणि मला आवळलं. तिने ओठ दाबले. "आता वाच."

"पावणेसहा."

"फरक पडला होता तो असा," मास्तर म्हणाले. "बुधवारी घेऊन जा त्याला. हवं तर मी येतो बरोबर."

तिच्या मनगटावर माझा लाल वळ उठला होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने पर्समधून हॉस्पिटलची चिठ्ठी काढली, एकदा वाचली, पुन्हा आत ठेवली. बाटलीही उचलून पर्समध्ये चिठ्ठीशेजारीच ठेवली.

मास्तर मला हातात धरून तसेच उभे होते. ती पायरी उतरली आणि चालू लागली.