झिपरीचे केस

झिपरी साडेतीन वर्षांची होती आणि तिचे केस आजवर बहुतेक झोपेतच कापले गेले होते. आई दुपारी तिच्या उशाशी बसायची, हाताला येईल ती बट कापायची आणि ती जराशी हलली की कात्री लपवायची. त्यामुळे एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखं डोकं आणि दुसऱ्या बाजूनं थेट डोळ्यांवर झिपऱ्या. हे नाव आजोबांनीच ठेवलेलं.

जागेपणी एकदाच प्रयत्न झाला होता. कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणाला होता, "दोघांनी घट्ट धरा, दोन मिनिटांत मोकळं करतो." बाबांनी हात धरले, आजोबांनी डोकं. झिपरी श्वास अडकेपर्यंत किंचाळली, ओकली, आणि पुढे महिनाभर त्या रस्त्याला वळलं तरी फुटपाथवर अंग टाकायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी स्वमग्नता असल्याचं सांगितलं. आजोबांना ते पटलं नाही. "हिचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघा, मिटतंय का त्याचं तोंड!"

"उद्या बोलली तर सोन्याहून पिवळं," आई म्हणाली. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून ती नुकतीच घरी आली होती. "पण तोवर मी हातावर हात धरून बसणार नाही."

थेरपीच्या ताई आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागल्या. बाबांची बेकरीतली पाळी पहाटेची, बाराला सुटायची. त्यामुळे ताईंकडून शिकून घ्यायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. रोजचा सगळ्यात मोठा त्रास कशाचा, असं ताईंनी विचारलं. बाबा म्हणाले, "केसांचा. डोळ्यांत जातात, चोळून चोळून डोळे लाल होतात. पण कात्री दिसली की संपलंच."

"मग तिथूनच सुरू करू. पण आधी तिला एक गोष्ट शिकवायची. नको असेल तर थांबवायला."

झिपरी बोलत नव्हती, म्हणून ताईंनी तळहात पुढे करायची खूण निवडली. गुदगुल्या, झोका, अंगावर पडणारं पाणी, काहीही चालू असो. तिचा तळहात पुढे आला की सगळ्यांनी त्याच क्षणी थांबायचं. सुरुवातीला ताई स्वतःच तिचा हात हलकेच पुढे करायच्या. आठव्या दिवशी तो तिचा तिनं केला.

"असं केलंत तर ती सारखाच हात करेल," आजोबा म्हणाले.

"करू दे की. थांबवता येतं हे कळलं, तर बसायचं धाडस होईल."

मग ताईंनी पायऱ्या आखून दिल्या. पहिले काही दिवस फक्त सलूनच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि घरी यायचं. मग दारापर्यंत. मग आत, पण खुर्चीपासून लांब. प्रत्येक वेळी तिची आवडती गोष्ट लगेच: बाबांच्या खांद्यावर बसून चौकाला एक फेरी.

बाबा सलूनवाल्याकडे गेले. "दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं ना तुझ्याकडे? वीस मिनिटं दे. मशीन बंद ठेव. आणि तिच्यासमोर आधी माझे केस काप. रोज थोडेसे."

सलूनवाला हसला. मग त्याला मागची वेळ आठवली. "या," एवढंच म्हणाला.

झिपरी दारात उभी राहून बघायची, बाबांचे केस चिमटीचिमटीनं कमी व्हायचे. बेकरीतले लोक विचारू लागले, केस गळतायत, आजारी आहेस की काय.

अकराव्या दिवशी घोळ झाला. एक गिऱ्हाईक घाईत आत शिरलं, त्यानं स्वतःच केस वाळवायचं यंत्र उचलून सुरू केलं, आणि झिपरी दारातून सुसाट रस्त्यावर. सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. बाबांनी धावत जाऊन तिला उचललं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "पुरे झालं. वाढू देत केस. बांधू वर."

"वर बांधायला तरी हात लावू देते का ती?" आईनं विचारलं. "उद्या परत समोरच्या फुटपाथपासून. आणि मी सुट्टी घेतेय."

ताईंनीही तेच सांगितलं. "ती चुकली नाही. पायरी आपण पुरती सांभाळली नाही."

सलूनवाल्यानं दाराला पाटी लावली: तीन ते साडेतीन बंद. खालच्या ओळीत, "मुलगी शिकतेय." आणि दाराला आतून कडी.

आणखी दोन आठवडे गेले. झिपरी आता खुर्चीच्या शेजारी स्टुलावर बसायची. पण सलूनवाल्यानं एके दिवशी बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कंगवा खाली ठेवला. "साहेब, शेत कापून झालं. आता नांगरू काय?"

घरी ही गोष्ट निघाली तशी सगळ्यांची नजर आजोबांकडे गेली. आजोबांचे केस पांढरेशुभ्र, दाट, मागे वळवलेले. सत्तरीतही लोक वळून बघायचे. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"मी तिचं डोकं धरलं होतं," थोड्या वेळानं पेपरामागून आवाज आला. "तिला ते आठवत असेल का रे?"



दुसऱ्या दिवशी तीनला आजोबा त्या खुर्चीत बसले. सलूनवाल्यानं पहिली बट कापली, तशी झिपरी स्टुलावरून उतरली. जवळ आली. खाली पडलेले पांढरे केस तिनं उचलले, बोटांत चोळले, गालाला लावले. आजोबा मान न हलवता बसून होते. डोळ्यांतलं पाणी तेवढं आवरत नव्हतं.

सहा दिवस त्यांचे केस कापले गेले. सातव्या दिवशी ताईही सोबत आल्या होत्या. आजोबा उठले आणि झिपरी आपण होऊन खुर्चीवर चढली. अंगावर कापड नाही, मशीन नाही. सलूनवाला गुडघ्यावर बसला, तिला कात्री दाखवली, डोळ्यांवरची एक बट उचलली. कच्.

तळहात पुढे आला.

कात्री जागच्या जागी थांबली. सलूनवाल्यानं दोन्ही हात वर केले, एक पाऊल मागे गेला. झिपरी त्याच्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या तळहाताकडे. हळूहळू हात मांडीवर आला.

कच्. पुन्हा तळहात, पुन्हा थांबणं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा हात खाली आला नाही. ताई म्हणाल्या, "आजचं झालं," आणि बाबांनी तिला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी आई आली तेव्हा झिपरी खिडकीशी उभी होती. उजवा डोळा मोकळा, डावा झिपऱ्यांखाली. आईनं हात पुढे केला आणि परत घेतला.

"हे असंच ठेवायचं?" तिनं विचारलं.

"उद्या तीनला जायचंय," आजोबा आपल्या बोडक्या डोक्यावर हात फिरवत म्हणाले. "डावी बाजू राहिलीय."