तिसऱ्या पेल्यातलं दूध

"सिस्टर, हिलाच दूध नाही, म्हणून पोराची ही दशा," वजनकाट्याशी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या. त्यांची सून बाळाला झबलं घालत होती. तिने मान वर केली नाही.

बाळ दोन महिन्यांचं. पंधरा दिवसांत वाढलं किती, तर चाळीस ग्रॅम! डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आठवड्यात वजन वाढलं नाही तर भरती करायचं. ते ऐकून सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सव्वीस वर्षं मी या खोलीत बाळांची वजनं करतेय. आयांना चार शब्द सुनावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण इथे कुणाला सुनावावं तेच कळेना. पावडरचा डबा योग्य, पाणी उकळलेलं, वेळा घड्याळ लावून पाळलेल्या. शेवटी विचारलं, "बाटली कोण बनवतं?"

"मीच. हिच्या हातात देते होय!"

"मग आत्ता बनवा बघू माझ्यासमोर."

आजींनी नव्वदच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. दोन चमचे पावडर काठाशी सपाट करून टाकली. काम कसं, अगदी नेटकं.

"डब्यावर तर तीस मिलीला एक चमचा लिहिलंय," मी म्हटलं.

"मग? आधी तीस पाजत होतो तेव्हा एकच टाकत होते. आता पाणी वाढवलं, तसा चमचाही वाढवला. मी नाही चुकायची!"

पाणी तिप्पट आणि पावडर दुप्पट. लेकरू इतके दिवस पाणचट दुधाने पोट भरत होतं. 'अहो, उपाशी मारताय त्याला!' अगदी ओठांवर आलं होतं. पण सातवीच्या गणिताच्या बाई आठवल्या आणि मी जीभ आवरली.

मीही तेव्हा हेच करायची. दोन नळांनी मिनिटात तीन बादल्या भरतात, तर चार नळांनी किती? मी ठणकावून सांगितलं, पाच! दोन-दोन वाढले ना दोन्हीकडे! वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी मला नळांपाशी नेलं आणि खरोखर बादल्या भरायला लावल्या. दोघींच्या चपला भिजून चिंब. "कितीने वाढलं ते सोड गं, किती पट झालं ते बघ," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याबद्दल चकार शब्द नाही. बाई, तुमचे उपकार कसे फेडू? हे त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

"आजी, हीच चूक मी सातवीत केली होती," मी म्हटलं आणि तीन छोटे पेले मांडले. प्रत्येकात तीस-तीस मिली पाणी ओतलं. "टाका पावडर."

पहिल्यात एक चमचा पडला. दुसऱ्यात एक. तिसऱ्या पेल्यापाशी आजींचा हात थबकला.

"म्हणजे यातलं दूध... याला मिळतच नव्हतं?"

आजी सुनेकडे वळल्या. "मी उपाशी ठेवलं गं याला. आणि बोल मात्र तुला लावत राहिले."

"असू दे आई. मुद्दाम का केलंत?" सून म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं बिचारीचं.

आठवड्याने तिघं परत आली. वजन दोनशे ऐंशी ग्रॅमने वाढलेलं! भरतीचं नाव डॉक्टरांनी काढलंच नाही. आजींनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. हे आभार माझ्या एकटीचे नव्हते.

इतक्यात बाळाने भूक लागल्याचं भोकाड पसरलं. आजींनी बाटलीत पाणी भरलं, डबा उघडला आणि चमचा सुनेसमोर धरला.

"तू टाक गं. मी मोजते."