अंजना बसत नाही

"अंजना बसत नाही हो," तात्या वकील बोटं मोजत म्हणाले. "अक्षरं जास्त होतायत. शिवाय ही अंजना कोण? शेळी की काय कुणाची?"

बैठकीत हशा पिकला. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना काही सुचेना, म्हणून शहात्तर साली ह्यांनी सांगलीत इंग्रजी हायकू मंडळ काढलं. हायकू म्हणजे जपानी लोकांची तीन ओळींची कविता. ती इंग्रजीत लिहायची, सतरा अक्षरांत, ऋतूची खूण घालून, आणि तीही विश्रामबागेत आमच्या घरी, माझ्या हातचे पोहे खाऊन. नियम एकाहून एक. कविता निनावी वाचायची. कवीनं चकार शब्द काढायचा नाही, आणि ओळखू येऊ नये म्हणून इतरांबरोबर मत मात्र द्यायचं. दुरुस्त्या हात वर करून मंजूर करायच्या, मगच नाव जाहीर करायचं. एकदा मंजूर झालेली ओळ मग खुद्द कवीलाही बदलता येत नसे.

लालासाहेब मंडळाचे टायपिस्ट. तासगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पलटणीत कारकून होते, इंग्रजी तिथंच शिकले. मंडळाच्या सायक्लोस्टाइल अंकाची स्टेन्सिलं आमच्या पडवीत बसून टाइपरायटरवर तेच कापत. म्हणायला तेही सभासद, पण खुर्ची कमी पडली की उठायचं त्यांनीच.

त्यांची अंजना पाच वर्षांची असताना तापानं गेली. लालासाहेब तेव्हा नोकरीवर. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत पोरीचे दिवससुद्धा उरकले होते. घरात तिचं नाव निघालं की त्यांची बायको राहीबाई उठून रानात निघून जाते, म्हणून ते नावही कुणी घेत नाही. हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते कविता लिहून झाल्यावर.

"वैनी, तिचा फोटू न्हाई. शाळंत घातली न्हवती, तवा पटावर बी नाव न्हाई. एकदा छापून आलं म्हंजे झालं. आपला अंक पार जपानला जातो, सर म्हनत्यात."

बेदाण्याच्या शेडमध्ये, दोरीवर, अंजनाचा परकर अजून वाळतो आहे. एवढीच कविता. वाचली आणि मला जेवण गेलं नाही.

"विशेषनाम नकोच," ह्यांनी निकाल दिला. "आणि ऋतू कुठाय ह्यात? बेदाणा म्हणजे काय ऋतू झाला? वाण्याच्या दुकानातला माल तो."

"बर्फ घाला," तात्या म्हणाले. "जुनी शेड, रिकामी दोरी, दोरीवर बर्फ. बघा कसं जपानी वाटतंय."

सांगलीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

"माणसाचं नाव असेल ते," मी दारातूनच म्हटलं.

"चहा गार होतोय," हे म्हणाले.

मत घेतलं. हात वर झाले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या लालासाहेबांनीही नियमाप्रमाणे हात वर केला, चांगला सरळ.

मग ह्यांनी कवीचं नाव वाचलं. टाळ्या पडल्या. तात्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा, लालासाहेब, आता कुठं कविता झाली. पण सांगा तरी, अंजना कोण?"

"कोन न्हाई, सायेब," लालासाहेब म्हणाले. "असंच घातलं हुतं."

मंडळी गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच.

"मला माहीत होतं," हे चष्मा पुसत म्हणाले. "त्यांची मुलगी ती. पण एकासाठी नियम मोडायचा तर मंडळ चालवायचं कशाला? आणि कविता सुधारलीय, तू वाचून बघ."

असल्या माणसाबरोबर मी जन्म काढला.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब स्टेन्सिल कापायला आले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"तुम्ही खुशाल नाव घाला. अंक छापून झाल्यावर काय करणारेत हे? मी बघून घेते."

"न्हाई वैनी. ठराव झालाय. म्या बी हात वर केलाय."

"अहो, पण तासगावात मेला बर्फ कुठला?"

स्टेन्सिल मशीनवर चढवता चढवता ते थांबले.

"बरफ म्या बगितलाय, वैनी. ती गेली तवा म्या वर काश्मिरात बरफातच हुतो. वाटा बंद हुत्या. म्हनून तर निरोप उशिरा आला."

त्यांनी तिन्ही ओळी टाइप केल्या, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि स्टेन्सिल उजेडाकडे धरून कुठं चूक राहिली नाही ना, ते नीट पाहिलं.