आदेशाची उत्तरपूजा

न्यायालयाने आज्ञा करावी, अधिकाऱ्याने ती पाळावी आणि प्रजेने तिचे फळ घ्यावे, हा धर्म. मात्र आज्ञेला वंदन करणे आणि ती पाळणे यांत जालना जिल्ह्यातील एका भूमी अभिलेख कार्यालयाने सूक्ष्म भेद केला होता.

झुंबरबाईंच्या राहत्या जागेची सनद सहा आठवड्यांत द्यावी, असे उच्च न्यायालयाने फर्मावले होते. सनदेवाचून त्यांचे मंजूर घरकुल रद्द होणार होते. मुदतीचा शेवटचा दिवस दसऱ्याचा, म्हणजे सुट्टीचा. म्हणून त्या खंडेनवमीलाच कार्यालयात आल्या. तेथे मोजणीची साखळी, शिक्का आणि संगणक यांची यथासांग पूजा झाली होती. सर्वांच्या वर, झेंडूच्या हारात, तो आदेश विराजमान होता.

"मावशी, पूजेतलं उचलता येत न्हाई," कारकून भागवतराव म्हणाले. "सोमवारी या."

"उद्या मुदत सरून राह्यली, भागवतराव."

"अहो, कोर्टाच्या कागदाला हळदीकुंकू वाहिलं! आणखी किती मान द्यायचा?"

"मान ऱ्हाऊ द्या. सनद द्या."

पूजा सांगून मार्तंडगुरुजी नारळ पिशवीत घालत होते. झुंबरबाई त्यांच्याकडे वळल्या. "गुरुजी, ही पूजा आजच आटपायची काही सोय?"

"आहे," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "अक्षता वाहून प्रत्येक वस्तू किंचित हलवावी. उत्तरपूजा झाली."

आतून उपअधीक्षक अप्पाराव लगबगीने आले. "गुरुजी, पण मुहूर्त?"

"साहेब, अवमानाच्या नोटिशीला मुहूर्त लागत नाही."

अप्पाराव पूजेपुढून बाजूला झाले. झुंबरबाईंनी आदेश, शिक्का, संगणक यांवर चार-चार दाणे टाकले आणि एकेकाला बोटाने सरकवले.

"आन् लाइट गेली तर?" भागवतरावांनी शेवटची आशा धरली.

"मंग मी कोर्टात सांगते, मी आले तवा लाइट बराबर होती."

लाइट गेली नाही. यंत्रातून सनद बाहेर आली. तिच्या कोपऱ्याला ओले कुंकू लागले. अप्पारावांनी सही केली, शिक्का उमटला. झुंबरबाईंनी आपले नाव अक्षर-अक्षर लावून वाचले, चतुःसीमा वाचल्या, मगच कागद पदराआड घेतला.

त्या जागेवर घर उभे राहो, त्यात राहणाऱ्यांना स्वस्थ झोप लाभो. आणि उशिरा का होईना, ज्यांनी सही केली, त्यांचेही कल्याण असो.