वल्ह्याचा दांडा

रुतिकानं वल्ह्याचा तुटका दांडा दोन्ही हातांनी उचलला, पंख्याच्या पात्याला टेकवला आणि ढोसलं. पंखा आधी कुरकुरला, मग आळस देत फिरू लागला. तिनं दांडा दाराआड उभा केला आणि ओढणी सारखी केली.

"रोज मी ढोसते ना," खाटेवरून तिची आजी येसूबाई म्हणाली. "आज तुला कसं सुचलं?"

"राहू दे गं आजी. तुला दांडा घेऊन उभी बघितली तर पाहुणे जिन्यातूनच पळतील."

येसूबाई हसली. सदऱ्याचं बटण लावता लावता धनेशही हसला. लेक आज चांगल्या मूडमध्ये होती आणि त्याचंच त्याला कोडं पडलं होतं.

पंख्याचा कंडेन्सर कधीचा गेला होता. बटण दाबलं की पंखा जागच्या जागी गुणगुणायचा, आणि कोणी ढकलला की निमूट फिरायचा. दिवाळे कोळीवाड्यातल्या या घरातली माणसं पूर्वी होडी ढकलायची, आता पंखा ढकलत होती, एवढाच काय तो फरक. धनेश दर रविवारी नवा कंडेन्सर आणायचं नक्की करायचा, आणि मासळीचं जेवण अंगावर आलं की दर रविवारी झोपायचा.

रुतिका बेलापूरच्या एका क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवायची. तिनं एकदा बापालाही शिकवून पाहिलं होतं.

"पप्पा, त्या डबीत दोन पट्ट्या असतात. समोरासमोर, पण एकमेकींना टेकत नाहीत. मधून काही जात नाही. फक्त ताण असतो, त्याला विद्युत क्षेत्र म्हणतात. विजेची ये-जा सुरू झाली की तो ताण भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. झोपाळ्यासारखा. त्याच्यामुळे पंख्याला कळतं, कुठल्या बाजूनं निघायचं."

"मधून काही जात नाही, तर काम कसं होतं?"

"तेच तर."

'तेच तर' हे उत्तर कसं असू शकतं, ते धनेशला अजून उलगडलं नव्हतं. पण लेकीचं वागणं त्याहून अवघड होतं. मागच्या स्थळाला तिनं तोंडावर नकार दिला होता. मला अजून शिकायचंय, म्हणाली होती. त्यावर धनेशनं महिनाभर अबोला धरला होता. मग सारसोळ्याचं हे स्थळ आलं, तर मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." धनेशला इतकं भरून आलं की त्यानं मुलाच्या बापाला फोनवरच जवळजवळ शब्द देऊन टाकला.

बेल वाजली. मुलगा, अंकुर, बापाच्या मागे उभा होता. बाप, धर्माशेठ, स्वतःच्या पोटाच्या मागे.

दोन्ही घरं समोरासमोर बसली. मधे टिपॉय. धनेशला उगाच त्या दोन पट्ट्या आठवल्या. मधून काही जात नव्हतं आणि ताण भरपूर होता.

"आमचा अंकुर तळोजाला हाय," धर्माशेठनं सुरुवात केली. "कंपनीतल्या सगल्या मोटरी याच्या हाताखाली. हा एक दिवस नाय गेला ना, कंपनी बंद."

"चालू असते, पप्पा," अंकुर म्हणाला.

धनेशची बायको सुचित्रा कोकमाचं सरबत घेऊन आली. तोवर धर्माशेठचा सदरा पाठीला चिकटला होता. धनेशच्या कानामागून घाम ओघळत होता. त्यानं वर पाहिलं. पंखा फिरत होता, याबद्दल वाद नव्हता. वारा नव्हता, याबद्दलही नव्हता.

"आमच्याकडे व्होल्टेज जरा कमी येतं," तो म्हणाला.

"व्होल्टेज नाय ओ शेठ. खाडी बुजवली ना, वारा अडकला," धर्माशेठनं कपाळ पुसलं.

"नजर लागली पंख्याला," येसूबाईनं निकाल दिला.

सुचित्रानं खिडकी उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली. रुतिका मात्र टिपॉयकडे पाहत शांत बसली होती, जणू घाम हा विषय तिच्या अभ्यासक्रमात नव्हता.

अंकुर वर बघत होता. छतावरचं जळमट जोरजोरात नाचत होतं. मग त्यानं खाली बघितलं. टिपॉयवरचा कागदी रुमाल हलतही नव्हता.

"कंडेन्सर गेलाय का?" त्यानं विचारलं.

"हो... म्हणजे कालच," धनेश म्हणाला.

"कालच कुटला? शिमग्यापासून गेलाय," येसूबाई म्हणाली. "मी ढोसते ना रोज. झकास वारा येतो."

"आज तुम्हीच ढकलला, आजी?"

"मी नाय. आज हिनं."

अंकुरनं रुतिकाकडे पाहिलं. "तुम्ही फिजिक्स शिकवता ना?"

"हो."

"मोटरचा धडापण?"

"सगळंच शिकवते," रुतिका म्हणाली. तिनं आता मान वर केली होती आणि ती खाली घेत नव्हती.

अंकुर उठला. दाराआडून त्यानं दांडा काढला. आता हा काहीतरी करणार, अशा आशेनं धनेश सोफ्याच्या कडेवर सरकला. अंकुरनं दांडा हातात तोलला, वर पंख्याकडे पाहिलं आणि दांडा होता तिथं परत ठेवला.

"चांगलं लाकूड आहे," तो म्हणाला आणि सरबत संपवून बापाकडे वळला. "पप्पा, निघूया. माझंच अजून नक्की नाही. मला थोडा वेळ हवाय."

"अरे, येताना तर गाडीवर शिट्टी मारत होतास!"

"येताना होतो."

धर्माशेठ गोंधळून उठले, धनेश त्यांच्याहून गोंधळून उठला, आणि दोघांनी एकमेकांची माफी मागितली. कशाबद्दल, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दार लागलं. रुतिकानं पंख्याचं बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत ती खाली उभी राहिली. मग बटण दाबून तिनं दांडा उचलला, पात्याच्या दुसऱ्या कडेला टेकवला आणि ढोसलं.

टिपॉयवरचा रुमाल उडून येसूबाईच्या मांडीवर पडला. धनेशच्या ओल्या सदऱ्यात वारा शिरला.

तो पंख्याकडे बघत राहिला. मग दांड्याकडे. मग लेकीकडे.

"कंडेन्सर नसला की पंख्याला स्वतःची बाजू नसते, पप्पा," ती हळूच म्हणाली. "ढकलाल तिकडे जातो. उलटा फिरला की वारा छताला."

धनेश काहीतरी बोलणार होता. ते गिळून त्यानं वेगळंच विचारलं.

"आणि हे त्या पोराला कळलं?"

"तेच तर."

खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. रुतिका खिडकीशी गेली आणि आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत तिथंच थांबली.

"रविवारी आणतोच मी कंडेन्सर," धनेश घसा साफ करत म्हणाला. "मीच बसवतो."

"तुम्ही नका बसवू." तिनं मागे वळून पाहिलं नाही. "ज्यांच्या हाताखाली सगळ्या मोटरी आहेत, त्यांना विचारा. वेळ हवाय म्हणत होते ना? किती हवाय, तेही विचारा. मलापण हवाच आहे."

धनेशनं फोन काढला, सारसोळ्याचा नंबर शोधला, आणि नेमकं काय विचारायचं ते न कळून पंख्याखाली तसाच बसून राहिला. वारा मात्र झकास येत होता.