चालत्या मशीनवरचा माणूस

आप्पांच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. चालत्या मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नाही. आप्पांनी जन्मभर लोखंडी कपाटांचा कारखाना चालवला. तिथे एका कारागिराने कुणाच्या तरी हाकेला मान वळवली आणि बोट गमावलं. तेव्हा हा नियम झाला, आणि रोजच्या डब्याबरोबर कारखान्यातून घरी आला. पुढे कारखाना विकला, नियम राहिला. सासूबाईंचा मिक्सर चालू असला तर दारातला पाहुणासुद्धा तो थांबेपर्यंत मुकाट उभा राहायचा.

नियमाला दुसरी बाजूही होती. ज्याच्या हाताखाली मशीन नाही तो माणूस रिकामा. मग तो वाचत असो, लिहीत असो, नाहीतर डोकं धरून बसलेला असो. ज्याला आवाज नाही ते आप्पांच्या लेखी काम नव्हतंच.

आणि जावईबापूंचा छंद पडला बिनआवाजाचा.

जावईबापू चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. दिवसभर काचेवरचे ओरखडे शोधणाऱ्या माणसाला गाडीवरचा ओरखडा दिसला की चैन पडणं शक्यच नव्हतं. त्यांची गाडी जुनी, गडद निळी, कुणाकुणाच्या हातून आलेली. दर रविवारी सकाळी ते गॅरेजचं दार आतून लावून घेत, स्पंजावर पॉलिश घेत आणि गोल गोल हात फिरवत बसत. घरात दारांना तोटा नव्हता, पण ती लावली की 'काय हो, बरं नाही का?' म्हणत कुणीतरी उघडायचंच. गॅरेजचं दार तेवढं लावायला कारण होतं. धूळ येते!

या घरात राहायला आले तेसुद्धा तात्पुरतेच. आप्पांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा जावईबापू मोठ्या मनाने बायकोला म्हणाले होते, "चल, आपण तिकडेच जाऊन राहू. तुझे वडील आहेत. किती दिवसांचा प्रश्न आहे!" बायको तेव्हा काहीच बोलली नाही. तिला आनंदाने शब्द सुचत नाहीयेत, असं त्यांनी गृहीत धरलं. आप्पांचं हाड जुळलं, काठी सुटली, आप्पा जिने चढू लागले. मुक्काम मात्र हलला नाही. "भाड्याचं घर कशाला ठेवताय?" असं आप्पाच म्हणाले आणि आप्पाच जाऊन किल्ली परत करून आले. सगळं प्रेमाने. तिथेच तर पंचाईत होती. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यामुळे रविवारी बोनेटवर हात फिरायला लागला की हाका सुरू व्हायच्या.

"भाऊजी, रिकामेच आहात ना? बाळाला जरा धरता?" हा मेहुणा.

"जावईबापू, गॅसची टाकी बदलायचीय." या सासूबाई.

"अहो जावईबापू, या इकडे बसायला! एकटेच काय करताय?" हे खुद्द आप्पा, आणि ही हाक सगळ्यांत जड. टाकी बदलून परत येता येतं, आप्पांसमोरच्या खुर्चीतून उठता येत नाही. पॉलिश बोनेटवर तसंच वाळून पांढरं पडायचं. कोंडल्यासारखं व्हायचं जावईबापूंना. श्वास जणू इतरांना विचारून घ्यावा लागतोय.

मग एका रविवारी, आप्पांसमोरच्या त्याच खुर्चीत बसलेले असताना, स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला आणि आप्पा वाक्य अर्धं सोडून गप्प बसले. जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन घ्यायचं. गाडीला पॉलिश करायचं मशीन.

"घ्याच!" आप्पा खूश झाले. "हाताने पुसत बसणं हे काय पुरुषमाणसाचं काम! मी येतो बरोबर. मशीनमधलं तुम्हाला काय कळतंय?" झालं. मशीन घ्यायलाही आप्पा बरोबर.

दुकानदार मोठा उत्साही निघाला. त्याने काउंटरवर आधी एक छोटं, बॅटरीवरचं मशीन ठेवलं. "हौसेने करणाऱ्यांसाठी हेच. गोल फिरता फिरता जरासं डुलतं, त्यामुळे रंग जळत नाही. आणि आवाज तर असा, की शेजारी बाळ झोपलं असलं तरी उठणार नाही."

"नको," जावईबापू इतक्या घाईने म्हणाले की दुकानदार दचकला. "म्हणजे, दुसरं दाखवा ना. चालू करून."

दुकानदाराने एकेक चालू केलं. जावईबापू मशीनकडे बघतच नव्हते. मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते. मशीन वजनावर घेणारी, वॉरंटीवर घेणारी गिऱ्हाइकं दुकानदाराने पाहिली होती, कानाने निवडणारं हे पहिलंच. आप्पा तोवर कंटाळून पलीकडे सीट कव्हरं चाचपायला गेले.

"गाडी बाहेर आहे ना? बघू," असं म्हणून दुकानदाराने रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशातून काढलं. बोनेटवर टेकवलं, दारावर टेकवलं, पुन्हा बोनेटवर टेकवलं. मग त्याने आवाज खाली आणला. "साहेब, तुम्ही हिला किती वेळा पॉलिश केलंय?"

"दर रविवारी."

"दर रविवारी? अहो, प्रत्येक पॉलिशला वरचा पारदर्शक थर थोडा थोडा खरवडला जातो. तुमचा संपत आलाय. आता हिला नुसती धुवायची आणि मेण लावायचं. मशीन अजिबात लावायचं नाही. कुठलंच नाही."

जावईबापू बोनेटकडे बघत राहिले. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, स्वच्छ. इतके रविवार घासून घासून त्यांनी स्वतःचंच निमित्त संपवत आणलं होतं. छंद गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी डोळ्यांसमोर आली ती आप्पांसमोरची खुर्ची.

ते आत आले आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यातलं मोठं दाखवा."

"ते? ते एकाच जागी गोल फिरतं. गॅरेजवाले नेतात ते. तुमच्या गाडीवर टेकवलंत तर रंग जाळून पत्रा दाखवील!"

"चालू तर करा."

दुकानदाराने नाइलाजाने खटका दाबला. मशीन असं काही किंचाळलं की काउंटरवरच्या बाटल्या थरथरल्या. सीट कव्हरं सोडून आप्पा लगबगीने आले. चेहरा उजळलेला. "वा! याला म्हणतात मशीन! हेच बांधा. आधी तुमची गाडी होऊ द्या, मग माझी. मग तुमच्या मेहुण्याची. नंतर सगळ्या नातेवाइकांच्या करू!"

सासरे-जावयांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि मशीन बांधून दिलं.

पुढच्या रविवारी जावईबापू गॅरेजमध्ये गेले, दार नुसतं लोटून घेतलं, वायर जोडली, खटका दाबून अडकवून ठेवला आणि स्टुलावर बसले. किंचाळणारं मशीन दोन्ही हातांत, मांडीच्या वर, हवेत. गाडीला बोटही लावलं नाही. कान बधिर झाले, पण हाक नाही. कुणाचीच नाही. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी खांदे सैल सोडले आणि समोरच्या भिंतीकडे नुसतं बघत बसले. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आपली गाडी संपली की आप्पांची दारात उभी राहणार, म्हणून ही गाडी संपवायचीच नाही, इथवर त्यांचा बेत झाला.

तेवढ्यात दार उघडलं आणि बायको आत आली.

जावईबापूंची पाचावर धारण बसली. मशीन बंद करायचं सुचलं नाही. चोरी अशी मांडीवरच पकडली गेली होती. बायकोने हवेत फिरणाऱ्या मशीनकडे पाहिलं, हातही न लागलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि वळून दार आतून लावून घेतलं. मग त्यांच्या कानाशी आली.

"बंद करू नका," ती म्हणाली. "पण रिकामं फिरतंय ते आप्पांना कळतं. बाहेर म्हणत होते, जावईबापूंनी मशीन टेकवलंय की नुसतंच धरलंय?"

कोपऱ्यात आप्पांच्या कारखान्यातलं एक निखळलेलं कपाटाचं दार उभं होतं. ती ते ओढत घेऊन आली, दोन बादल्यांवर आडवं ठेवलं आणि बोट दाखवलं. जावईबापूंनी मशीनचं फिरतं पॅड त्यावर टेकवलं. मशीनचा आवाज खाली उतरला, भरीव झाला. खिडकीच्या फटीतून तिने बाहेर बघितलं. आप्पा खुर्चीत मागे टेकले होते.

तिसरी बादली पालथी घालून ती शेजारी बसली.

"तुला कसं कळलं?" त्यांनी तिच्या कानात विचारलं.

"मी शिलाईमशीन चालवायचे. कॉलेजात असताना, रोज संध्याकाळी. दोरा ओवायचे नाही. पण कापड घालायचे खाली. नुसतं फिरलं तर आप्पा ओळखायचे."

"कशासाठी?"

"तुम्ही कशासाठी बसलाय?"

हे तिचं माहेर. त्यांना वाटत होतं, अडकलोय तो मी एकटा. ही आपल्या माणसांत आहे, सुखात आहे. ते पुन्हा तिच्या कानाशी वाकले. "आपण वेगळं राहायचं का? सांगू आप्पांना?"

ती हसली. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मी गेले होते की. लग्न करून सुटले होते एकदा. तुम्हीच हौसेने परत आणलंत."

पॅड एकाच जागी राहिलं होतं. कपाटाच्या दाराचा रंग जळल्याचा वास यायला लागला. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"हात भरून आलाय तुमचा. द्या इकडे," ती म्हणाली.

तिने मशीन चालू असतानाच त्यांच्या हातून घेतलं आणि सराईतपणे पुढे सरकवलं. आवाजात जराही फरक पडला नाही. बाहेर आप्पांना काही कळलं नाही.