पहिल्या रांगेतला काळा चष्मा

मैफलीच्या आधी पाऊण तास तेओफिल ओशेत्स्की दोन्ही हात कोमट दुधात बुडवून बसायचा. हात काढले की ते दूध हॉटेलच्या मांजरीला घालायचं, असा त्याचा हुकूम होता. प्राग असो, ब्रनो असो, क्राकोव्ह असो, एकाही गावच्या मांजरीने त्या दुधाला तोंड लावलं नाही. आलोईस पोस्पिशिलला या मांजरी फार समजूतदार वाटायच्या.

ओशेत्स्की मोठा पियानोवादक, सगळे त्याला मेस्त्रो म्हणायचे, आणि पोस्पिशिल म्हणजे या मेस्त्रोच्या पियानोचा सूर लावणारा. व्हिएन्नाच्या ज्या कारखान्याचा पियानो मेस्त्रो वाजवायचा, त्या कारखान्याने पियानोसोबत माणूसही धाडला होता. पन्नाशी उलटलेला, डोक्याला टक्कल, मिशीखाली सदान्कदा काहीतरी दाबून धरल्यासारखा चेहरा. सव्वीस वर्षं तारा पिळून त्याचं उजवं मनगट पैलवानासारखं झालं होतं, आणि मोठ्या माणसांना आतून बघून बघून त्याची जीभ तिखट झाली होती.

आणि मेस्त्रो आतून कसा होता? वीस पेट्या. त्यातली एक नुसती केस कुरळे करायच्या सळयांची आणि तेलांची. स्वतःची खुर्ची, कारण दुसऱ्याच्या खुर्चीवर टेकलं की म्हणे प्रतिभा पळून जाते. पोस्पिशिल म्हणायचा, "पळेल नाहीतर काय? एवढा भार अंगावर येताना दिसला तर मीही पळेन."

एका पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक हार होता. हिरव्या पानांचा, गाडीच्या चाकाएवढा, त्यावर सोनेरी अक्षरांची फीत. मैफल संपली की गावच्या नगराध्यक्षाची बायको नाहीतर एखाद्या सरदाराची मुलगी तो घेऊन मंचावर यायची. मेस्त्रो दचकायचा, छातीवर हात ठेवायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हार परत ओल्या फडक्यात. मैफलींचा ठेकेदार ब्लाउ फक्त फीत बदलायचा, कारण तिच्यावर गावाचं नाव असायचं.

आता ही पानं तीच, जी स्वयंपाकघरात सूपात पडतात. पोस्पिशिल दर गावात त्यातली चारपाच खुडायचा आणि हॉटेलच्या आचाऱ्याला नेऊन द्यायचा. मेस्त्रो रात्रीच्या जेवणात सूप ओरपून म्हणायचा, "वा! कसला वास आहे!" पोस्पिशिल ताटात डोकं घालून खांदे हलवायचा.

"हा हार बारीक कसा होतोय?" एकदा ब्लाउने विचारलं. "उंदीर लागलाय का रे?"

"उंदीर कुठला, ब्लाउसाहेब. वय झालं त्याचं. सात महिने सत्कार झेलतोय बिचारा."

इथवर सगळी मजा होती. पण त्या वर्षी मेस्त्रोने एक नवीन खोड लावून घेतली आणि ती पोस्पिशिलच्या मुळावर आली.

मैफलीच्या शेवटी मेस्त्रो स्वतःच रचलेला 'घोडदौड' नावाचा तुकडा वाजवायचा. छापील प्रती अख्ख्या साम्राज्यात खपलेल्या. प्रत्येक बऱ्या घरची मुलगी तो बडवायची. त्यात उजव्या हाताला आठ वेळा पार वर उडी मारून एक काळी पट्टी पकडायची असते. तरुणपणी मेस्त्रो ती डोळे मिटून पकडायचा. आता वय चौपन्न, दंड बदकासारखे गुबगुबीत, रोज रात्री तीन तऱ्हेचं मांस. उडी चुकायची आणि बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर आदळायचं.

मग मेस्त्रो काय करायचा? वाजवणं थांबवायचा. ती काळी पट्टी एका बोटाने ठणठण दाबायचा. मान वळवून मंचाच्या कडेला उभ्या पोस्पिशिलकडे बघायचा, जणू त्याने मेस्त्रोच्या आईच्या थडग्यावरची फुलं चोरलीत. पोस्पिशिलने तारा पिळायची चावी घेऊन सगळ्यांसमोर यायचं, धडधाकट तार पिळल्याचं नाटक करायचं, खाली मान घालून परत जायचं. आणि लोक मेस्त्रोच्या सहनशीलतेला टाळ्या वाजवायचे.

ओलोमोउत्समध्ये झालं, क्राकोव्हमध्ये झालं, बोखनियात झालं. तिन्हीकडच्या पेपरांनी लिहिलं की एवढ्या थोर कलावंताला असला गलथान कारागीर मिळावा हे दुर्दैव. मग कारखान्याचं पत्र आलं. चार ओळींचं. आणखी एक तक्रार आली तर कारखान्याच्या शिक्क्याची चावी परत करावी आणि व्हिएन्नाला येऊन पियानोतल्या हातोड्यांना लावायचा लोकरी नमदा कापायच्या खात्यात रुजू व्हावं. नमदा कापायला तिथे नव्याने लागलेली पोरं बसायची.

टार्नुफला उतरल्यावर नाश्त्याच्या टेबलावर पोस्पिशिलने ते पत्र मेस्त्रोपुढे ठेवलं.

मेस्त्रोने अंडं फोडलं. पत्र वाचलं. अंडं खाल्लं.

"मग?" तो म्हणाला.

"मेस्त्रो, तार बरोबर असते. तुम्हाला ठाऊक आहे."

"अरे पोस्पिशिल, लोक मला चुकताना बघायला येतात का? कुणाची तरी चूक असायला हवी. तू आहेस. तुझं नाव उद्या कोण लक्षात ठेवणार?"

"कारखाना ठेवतोय ना."

"मग कारखान्याला सांग, मेस्त्रो तुझ्यावर रागावलेला नाही." त्याने तोंड पुसलं. "मीठ दे इकडे."

पोस्पिशिलने मीठ दिलं. मिशीखालचं हसू त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे नव्हतं.

दुपारी तो हॉलमध्ये गेला. पियानो लावून झाला, तेवढ्यात हॉलची मालकीण झुझान्नाबाई हात पुसत आली. "तुमचं झालं ना? आता आमचे रेब हिलेल येतील बघायला."

"कोण?"

"आमचे सूर लावणारे. ज्यू लोक मानाने 'रेब' म्हणतात, तेच आम्हीही. आंधळे आहेत. टार्नुफमधला एकूण एक पियानो तेच लावतात. बाहेरून कुणाचाही पियानो येवो, ते दुपारी येऊन सगळ्या पट्ट्या वाजवून बघतात. पसंत पडला तर आपली टोपी झाकणावर ठेवून जातात. टोपी दिसल्याशिवाय आमचे लोक बसत नाहीत."

पोस्पिशिलच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं झाली आणि आता या खेड्यातला म्हातारा माझी परीक्षा घेणार!

म्हातारा आला. काठी, काळा चष्मा, कोटाच्या खिशातून कांद्याचा वास. पियानोपुढे बसला आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाला. अठ्ठ्याऐंशी. घाई नाही. मग म्हणाला, "वरून अकरावी. तिच्या तीन तारांपैकी एक आळशी आहे."

पोस्पिशिलने कान लावला. खरंच होतं. गाडीच्या धक्क्यांनी सैलावलेली ती तार लावल्यावर पुन्हा केसभर उतरली होती. त्याने ती गुपचूप ओढली.

"आता ठीक," रेब हिलेल म्हणाला. "बाकी काम छान आहे, पोस्पिशिलसाहेब. क्राकोव्हच्या पेपरातलं कुणी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही कुऱ्हाडीने सूर लावता."

"पेपर खोटं लिहितो."

"ते ठाऊक आहे. पण नेमकं कुठे?"

पोस्पिशिल त्याच्याशेजारी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आठ उड्या, काळी पट्टी, शेजारची पांढरी, पत्र, नमदा, अंडंसुद्धा. मग म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता.

"ती 'घोडदौड' मी या गावात रोज सतरा घरांत ऐकतो," तो म्हणाला. "सतराही पोरी तिथेच पडतात. मला वाटायचं पोरीच बावळट आहेत."

"रेब हिलेल, संध्याकाळी तुम्ही कुठे बसता?"

"बसतो कुठला? बाहेर शेगडीपाशी उभा असतो. तिथून बरं ऐकू येतं."

"आज पहिल्या रांगेत बसा. मधोमध. माझ्या वाट्याची खुर्ची आहे."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, झाकणावर ठेवली, आणि काठी टेकत निघून गेला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. वकील, डॉक्टर, धान्याचे व्यापारी, लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, आणि त्या सतरा पोरी. येणारा प्रत्येकजण आधी मंचाकडे बघायचा, टोपी दिसली की निवांत बसायचा. मग मेस्त्रो आला. केस मागे, पोट पुढे. पियानोवरची ती तेलकट टोपी बघून त्याने नाक मुरडलं आणि हातातल्या छडीच्या टोकाने ती उडवून दिली. टोपी खाली पडली.

हॉलमध्ये कुजबूज झाली. मेस्त्रोला वाटलं, कौतुक. त्याने वाकून मुजरा केला.

पोस्पिशिलने पुढे होऊन टोपी उचलली, कोटाला घासून झटकली आणि खाली वाकून पहिल्या रांगेत बसलेल्या रेब हिलेलच्या हातात दिली. त्याला आतून उकळ्या फुटत होत्या. एवढं तर त्याला स्वतः ठरवूनही घडवून आणता आलं नसतं.

पहिला भाग बरा गेला. टाळ्या पडल्या, पण मोजून मापून. मग 'घोडदौड' सुरू झाली. पहिली उडी लागली. दुसरी लागली. तिसऱ्या उडीला बोट धपकन शेजारी पडलं, आणि सतरा आयांनी सतरा पोरींकडे पाहिलं.

मेस्त्रो थांबला. काळी पट्टी ठण, ठण, ठण. मग ती जखमी नजर. "पोस्पिशिल!"

पोस्पिशिल चावी घेऊन आला. पण या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

"कुठली म्हणालात, मेस्त्रो?"

"ही!"

"परत एकदा दाबा हो. मी म्हातारा होत चाललोय."

ठण.

"रेब हिलेल," पोस्पिशिलने हॉलकडे तोंड करून खड्या आवाजात विचारलं, "ही तार कशी आहे?"

पहिल्या रांगेत काठी वाजली. म्हातारा उभा राहिला.

"तार शुद्ध आहे," तो म्हणाला. "दुपारी शुद्ध होती, आत्ता शुद्ध आहे. मघाशी साहेबांनी ती वाजवलीच नाही. शेजारची वाजवली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मेस्त्रो उठला. त्याचे कान बीटासारखे झाले होते. आणि इथे त्याने अशी एक गोष्ट केली की पोस्पिशिलला पुढे कित्येक वर्षं ती आठवून झोप छान लागायची.

"हा भिकारडा कोण?" मेस्त्रो ओरडला. "कानात बोटभर मळ साचलाय त्याच्या! याला काय सूर कळतो?"

आता, टार्नुफमध्ये पियानो असलेल्या एकूण एक घरात तो म्हातारा वर्षातून दोनदा यायचा. त्याला सूर कळत नाही म्हणजे गावातल्या सगळ्या दिवाणखान्यांना सूर नाही. नगराध्यक्षाची बायको, जिच्या मांडीवर तो हार तयार होता, तीच पहिल्यांदा बोलली.

"म्हणजे आमचा पियानो बेसूर आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"आमचाही?" मागून डॉक्टर.

"वाजवा की पुन्हा!" गॅलरीतून एक दणदणीत आवाज आला. "तार शुद्ध आहे, वाजवा!"

मेस्त्रो बसला. दुसरा इलाज नव्हता. घोडा दौडत निघाला. उडी. धपकन.

"शेजारची!" रेब हिलेल म्हणाला.

पुन्हा उडी. पुन्हा धपकन.

"शेजारची!" या वेळी सतरा पोरी एका सुरात म्हणाल्या. एवढ्या एका सुरात त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं.

पाचव्या वेळी अख्खा हॉल "शेजारची!" म्हणून पाय आपटत होता. सातव्या वेळी बोट एकदाचं काळ्या पट्टीवर बसलं, आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जशा पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाला वाजवतात. मेस्त्रो आठवी उडी न मारताच उठून गेला. नगराध्यक्षाच्या बायकोने हार उचलला, मंचापर्यंत गेली, इकडेतिकडे बघितलं आणि परत येऊन तो रेब हिलेलच्या गळ्यात घातला. म्हाताऱ्याने पानं चाचपली, हुंगली. "सूपाची आहेत," तो म्हणाला. "घरी खूश होतील."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पोस्पिशिलचं काम निर्दोष असल्याचं छापून आलं, आणि तसं कुणी म्हटलं हेही. पोस्पिशिलने ते कात्रण कारखान्याला पाठवलं. सोबत चार ओळींचं पत्र. चावी त्याच्याकडेच राहिली.

मेस्त्रोने गाडीत दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. पोस्पिशिलला प्रवास इतका सुखाचा कधी झाला नव्हता.

लेम्बर्गला मैफलीआधी मेस्त्रोने पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि त्याचा दुधाने मऊ केलेला हात पोस्पिशिलच्या बाहीवर येऊन पडला.

"पहिल्या रांगेत... तो कोण बसलाय?"

मधोमध एक गृहस्थ बसला होता. काळा चष्मा, दोन्ही हात काठीवर, मान किंचित कलती.

"लेम्बर्गचे फार मोठे कानसेन आहेत," पोस्पिशिल म्हणाला. "गावात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. तुम्ही वाजवा बिनधास्त, तारा शुद्ध आहेत."

त्या संध्याकाळी 'घोडदौड' कसली, बैलगाडी होती. प्रत्येक उडीआधी मेस्त्रो थांबायचा, वर बघायचा, मग भीत भीत बोट टेकवायचा. पण आठच्या आठ लागल्या. पोस्पिशिलकडे कुणी बघितलं नाही.

मैफल संपल्यावर मागच्या दाराशी पहिल्या रांगेतला गृहस्थ आला. तो हॉटेलातल्या शेगड्या पेटवणारा ग्रिट्स होता. नजर ससाण्यासारखी. पियानो आणि कपाट यांतला फरक त्याला त्याच दिवशी कळला होता.

"चष्मा काढू का, साहेब? कपाळ खाजतंय."

"हॉटेलात जाऊन काढ. आणि तोवर काठी टेकत जा रे, नीट."

"काय वाजवत होता हो तो माणूस? मला तर मधे डुलकी लागली."

"मान कलती ठेवली होतीस ना?"

"झोपलो की आपोआप कलते."

पोस्पिशिलने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हॉटेलात पोचल्यावर चष्मा परत मागून घेतला. पुढचा मुक्काम चेर्नोव्हित्सला होता. तिथल्या हॉटेलात घोडे धरणारा एक उंच, गंभीर चेहऱ्याचा माणूस त्याच्या ओळखीचा होता.